गलाईवाल्यांची बैठक

लखनौच्या चौक भागात गोल दरवाजाजवळ सराफा आहे. तिथल्या बोळांत तेजाबाचा उग्र वास येतो आणि खानापूर-आटपाडीकडची मराठी ऐकू येते. सांगली जिल्ह्याच्या त्या दुष्काळी पट्ट्यातून सोनं-चांदी गाळायच्या कामाला बाहेर पडलेली माणसं देशभरातल्या सराफ बाजारांत पसरली. हे त्यांच्यातलेच गलाई बांधव.

मोडीचा दागिना मुशीत घालायचा, वर टाकणखार टाकायचा. १०६४ अंशांना सोनं वितळतं. शुद्ध सोनं हवं असेल तर त्यात तिपटीच्या आसपास चांदी मिसळायची आणि तो माल नायट्रिक आम्लात उकळायचा. चांदी-तांबं विरघळून जातं, तळाशी काळपट तपकिरी चुरा उरतो. तेच सोनं, पुन्हा आटवलं की झळाळी येते. सराफ हा सगळा माल भरवशावर सोडून जातो. एकाच्या हातून टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, कमी निघाला, तर बाजार नाव त्याचं एकट्याचं घेत नाही, ‘मराठ्यांचं’ घेतो. संघटनेची गरज इथून सुरू होते.

या संघटनेची वर्गणी गोळा करायची पद्धत मला फार मोलाची वाटली. पावतीपुस्तक घेऊन दोघं निघतात, एक जुना जाणता आणि एक गावाहून नुकता आलेला पोरगा. “काय आप्पा, बैठकीला येताय न्हवं?” पावती फाडायला मिनिटही लागत नाही, पण ते टेकतात, चहा होतो. कुणाची आई आजारी आहे, कुणाचं दुकानभाडं वाढलंय, हे तिथंच कळतं. नव्या पोराला पहिल्याच फेरीत सगळी दुकानं माहीत होतात आणि सगळ्या दुकानांना तो. मोबाइलवर वर्गणी मागणाऱ्या कितीतरी संस्थांनी सभासद गमावले ते हा चहा टाळल्यामुळे, असं माझं ठाम मत आहे.

संघटनेच्या गणपतीत गर्दी होतेच. सभासदत्वाची खरी कसोटी लागते ती चोरीचा दागिना गाळल्याचा संशय आल्यावर. चोरीचा आहे हे ठाऊक असून माल घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. पण ठाऊक नव्हतं हे दाखवायचं कसं? माल देणाऱ्याचं नाव, ओळखपत्र, वजन आणि तारीख लिहिलेली वहीच तिथं कामी येते. म्हणून बैठकीत भाषणांपेक्षा वही कशी ठेवायची यावर जास्त बोलणं व्हायला हवं. ज्याच्यासोबत अशा दिवशी पोलीस चौकीत चार माणसं उभी राहिली, त्याला पुढच्या बैठकीचं आमंत्रण द्यावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. उत्सवाचा नैवेद्य, हळदीकुंकू, पाहुण्यांची ऊठबस बायका करतात आणि ठराव पुरुष करतात. लखनौत जन्मलेली मुलं आपसांत हिंदी बोलतात, एवढ्यावरून त्यांनाही ‘लहान’ धरलं जातं. पण हिशेब, जीएसटी, २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांना लागू झालेलं सक्तीचं हॉलमार्किंग, हे सगळं हीच मुलं चटकन समजून घेतात.

माझी विनंती एवढीच: पुढच्या कार्यकारिणीत दोन बायका आणि लखनौत जन्मलेली दोन मुलं घ्या, आणि खजिन्याची वही त्यांच्यापैकी एकाच्या हाती द्या.