ताडगुळाची चूल

डहाणू-घोलवडच्या पट्ट्यात पहाटे ताडावरून उतरवलेली नीरा गार असते, गोड असते, आणि घाईत असते. ऊन चढलं की ती फसफसू लागते, दुपारपर्यंत तिची ताडी होते. ताडी व्हायला माणसाला काही करावं लागत नाही, हवेतलं यीस्ट फुकटात राबतं. गूळ करायचा तर चूल हवी, कढई हवी, सरपण हवं, आणि रस आंबायच्या आत त्याला उकळी फुटायला हवी. या धंद्याचं दुखणं इथेच आहे.

ताड मुळात किनाऱ्यालगतचा. जव्हार-मोखाड्याच्या पठारावर, वावर गावाच्या बाजूला चढून गेलं की ओढ्याकाठी शिंदी भेटते. तिचा कोवळा शेंडा एका बाजूने तासून थंडीत रस काढतात. ताडाची गोष्ट वेगळी. पायात दोरीचा फास अडकवून वर जायचं, फुलोऱ्याची पोय ठेचून-दाबून मऊ करायची, टोकाची पातळ चकती कापायची आणि खाली मडकं बांधायचं. मग रोज सकाळ-संध्याकाळ पुन्हा वर जाऊन नवी चकती. कापलेलं तोंड सुकलं की रस अडतो. वारली चित्रांत ताडावर चढलेला माणूस वारंवार दिसतो, तो नुसता शोभेचा नाही. दिवसातून दोनदा वर जाणाऱ्या माणसाची ती नोंद आहे.

नीरा टिकावी म्हणून मडक्याला आतून चुना फासतात. चुन्याने आंबणं लांबतं, पण तोच चुना पुढे कढईत नडतो. जादा चुना आधी बसवून, निवळून काढला नाही तर गुळाचा रंग काळवंडतो, चव बिघडते. म्हणून गाळणं आणि निवळणं हे चुलीपुढचं पहिलं काम.

चूल घरचीच असते. दगड-मातीची, एका तोंडाने सरपण सारायचं, मागून धूर जायला वाट. कढई पसरट हवी, खोल नको, कारण वाफ पृष्ठभागावरून सुटते. उकळी आली की वर मळी जमते. ती झाऱ्याने काढत राहायचं. मग फेस कढईच्या काठापर्यंत चढतो, तेव्हा जाळ ओढून घ्यायचा किंवा तेलाचे चार थेंब टाकायचे, की तो मुकाट खाली बसतो. रस आटत जातो तसे बुडबुडे मोठे, जड, आळशी होतात आणि रंग मधासारखा होऊन पुढे तांबूस होतो. शेवटची काही मिनिटं सगळ्यात अवघड. सुमारे ११८-१२० अंशांवर पाक साच्यात जायला हवा, पण चुलीजवळ थर्मामीटर कोण ठेवतो? गार पाण्यात थेंब टाकून त्याची गोळी वळते का ते बघायचं. गोळी मऊ राहिली तर ढेप बसत नाही, जाळ जास्त लागला तर करपट वास येतो, आणि तो वास कशानेही जात नाही.

आठ-दहा लिटर नीरेतून साधारण किलोभर गूळ निघतो. कॅनडा-व्हरमाँटचे लोक मेपलचा रस असाच लाकडावर आटवतात, अनेकदा घरी बनवलेल्या भट्टीवर. त्यांना एक लिटर पाकाला चाळीसेक लिटर रस लागतो, कारण त्या रसात साखर दोनेक टक्केच असते. आपल्या नीरेत ती दहा टक्क्यांच्या पुढे असते. म्हणजे झाड आपलंच उदार! पण मेपलचा रस वाहतो तेव्हा रात्री बर्फ पडण्याइतकी थंडी असते. रस आज नाही तर उद्या उकळला तरी चालतो. पालघरच्या उन्हात ही सवड नाही.

सरपणाचा हिशेब तर फारच कडू आहे. साध्या चुलीवर एक लिटर पाणी उडवायला ढोबळमानाने किलोभर सुकं लाकूड जातं. म्हणजे एक किलो गुळामागे सात ते नऊ किलोंचा भारा. ज्या भागात बायका स्वयंपाकापुरतं सरपण डोक्यावरून आणतात, तिथे हा भारा कोण वाहणार? ताडीला काडीसुद्धा लागत नाही, वर तिचे पैसे त्याच दिवशी हातात.

सरकारलाही ताडीच ओळखीची होती. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने छेदलेल्या झाडांवर कर बसवला. झाड म्हणजे महसूल, हे त्यात पक्कं झालं. गूळ हा विचार गांधीजींच्या वर्तुळातला. १९३४ साली वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि त्यातल्या गजानन नाईकांनी जवळच्याच सेगावला शिंदीच्या रसाचा गूळ करून दाखवला. गांधीजींचा युक्तिवाद व्यवहारी होता: ऊस चांगली जमीन खातो, ताड-शिंदी पडीक जमिनीवर आपोआप वाढते. ते खरंच आहे. फक्त उसाच्या गुऱ्हाळात चिपाड सुकवून तेच चुलवाणात घालता येतं, ऊस आपलं जळण स्वतः घेऊन येतो. ताडाला ती सोय नाही, आणि माझ्या मते हा फरक त्या काळच्या उत्साहात पुरेसा मोजला गेला नाही.

जून २०२० मध्ये खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने डहाणूत नीरा-ताडगुळाचा प्रकल्प सुरू केला. दोनशे कारागिरांना सात दिवसांचं प्रशिक्षण आणि पंधरा हजार रुपयांचा साहित्यसंच दिला. त्यात स्टेनलेस स्टीलची कढई, साचे, कोयते, दोर होते आणि कँटीनमध्ये असतो तसला बर्नरही होता. दुखणं कोणीतरी नेमकं ओळखलं होतं.

पण बर्नरला सिलिंडर लागतो, आणि तो भरायला रोख. ती रोख ढेप विकली गेल्यावरच येते. वर जव्हार-मोखाड्यात अडचण आणखी निराळी. शिंदीचा रस थंडीतला, आणि दिवाळी सरली की इथली कितीतरी घरं वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांकडे निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. गुळाची योजना आखणाऱ्याने कढईच्या आधी हे बघावं, की रस चढतो त्या महिन्यांत झाड छेदणारा गावात आहे का, आणि त्याला वीटभट्टीची उचल आधीच मिळाली आहे का.