त्वचा आणि आपण : लेखांक सातवा – मांडीवरील खळग्यांची मीमांसा

गेल्या लेखांकात त्वचेखालील मेदाच्या थराचे कार्य आपण पाहिले. त्याच थराशी निगडित असलेले, आणि ज्याच्या चिंतेवर सौंदर्यप्रसाधनांचा फार मोठा व्यापार उभा राहिला आहे असे सेल्युलाईट, म्हणजे मांड्या, नितंब आणि क्वचित पोट यांवरील त्वचेला येणारा खळगेदार उंचसखलपणा, हा आजचा विषय होय. वयात आलेल्या स्त्रियांपैकी ८० ते ९० टक्के स्त्रियांमध्ये तो कमीअधिक प्रमाणात आढळतो, आणि सडपातळ अंगकाठीच्या स्त्रियाही त्यातून सुटत नाहीत. जी गोष्ट बहुतेकींच्या ठायी आहे तिला व्याधी म्हणावे की देहस्वभाव, याचा निवाडा उपचारांच्या आधी झाला पाहिजे.

१९२० साली आल्किये व पाव्हिओ या फ्रेंच वैद्यांनी सेल्युलाईटचे वर्णन केले ते शरीरातील द्रवाच्या व्यवस्थेत झालेला बिघाड म्हणून. वैद्यकाची ही कल्पना पुढे फ्रान्समधील सौंदर्यगृहांनी आणि मासिकांनी उचलली; १९६८ साली ‘व्होग’ मासिकाने अमेरिकेत तिचा गाजावाजा केला. साचलेली विषद्रव्ये हे याचे कारण असल्याचा दावा जाहिराती अजूनही करतात. त्याला पुराव्याचा दाखला मात्र नाही.

खरा खुलासा केला तो १९७८ साली न्यूर्नबर्गर आणि म्युलर या जर्मन संशोधकांनी. त्यांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच याला ‘कल्पित रोग’ ठरवले. त्वचा आणि तिच्याखालचे स्नायूंवरील आवरण यांना तंतुमय पडदे जोडतात. स्त्रियांमध्ये हे पडदे बव्हंशी उभे असतात, पुरुषांमध्ये तिरपे व एकमेकांना छेदणारे. म्हणून पुरुषांचा मेद जाळीत धरल्यासारखा जागच्या जागी राहतो. स्त्रियांमध्ये, टाके घातलेल्या कापसाच्या गादीप्रमाणे, तंतू ओढतील तेथे खळगा पडतो आणि मधला मेद वर फुगतो. पुढे चुंबकीय अनुस्पंदन चित्रणातही बहुतेक खळग्यांखाली असे जाड तंतू दिसून आले.

ही रचना मुळात लैंगिक अंतःस्रावांच्या कारभाराशी बांधलेली असल्यामुळे यौवनागमापूर्वी ती सहसा दिसत नाही, आणि ज्या पुरुषांत पुरुषसंप्रेरकांची उणीव असते त्यांच्यात ती दिसू शकते. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. वजन वाढले की मेदाचा रेटा वाढतो, वय वाढले की त्वचा पातळ होते, आणि दोन्हींनी खळगे अधिक ठळक होतात.

आता उपचारांची रुजवात घालायची तर प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा : तू मेदाला, त्वचेला की तंतूंना हात घालतोस? वजन घटवल्याने व व्यायामाने काहींना लाभ होतो. परंतु वजन झपाट्याने उतरले तर सैल पडलेल्या त्वचेमुळे खळगे उलट वाढतात. मेद शोषून काढणारी शस्त्रक्रिया अंगाचा घेर कमी करते, तंतू मात्र तसेच राहतात. कॅफीन किंवा रेटिनॉलयुक्त मलमांचा परिणाम अल्प, आणि मर्दनाचा तात्पुरता असतो. लेसर व रेडिओलहरींनी काही अंशी सुधारणा होते. पण आपल्यासारख्या सावळ्या वर्णावर लेसरने काळे डाग राहण्याचा धोका अधिक, म्हणून तेथे अनुभवी त्वचारोगतज्ज्ञच हवा.

तंतूंनाच हात घालणारा उपाय म्हणजे जागा बधिर करून विशिष्ट सुईने ते छेदणे. निवडक, खोल खळग्यांवर याचे फळ दोन-तीन वर्षे टिकल्याच्या नोंदी आहेत; काळेनिळे वळ आणि वेदना ही त्याची किंमत. तंतू विरघळवणाऱ्या एका इंजेक्शनाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० साली मंजुरी दिली. परंतु त्वचेखाली रक्त साकळणे आणि त्वचेवर दीर्घकाळ डाग राहणे या तक्रारींमुळे उत्पादकानेच २०२२ च्या अखेरीस ते बाजारातून काढून घेण्याचे ठरवले.

तात्पर्य, ही देहाची ठेवण आहे. तिच्यामुळे आरोग्यास बाधा येत नाही आणि उपचार न करणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. मात्र तेथे लाली, उष्णता, सूज आणि वेदना एकाएकी उद्भवल्यास ते जंतुसंसर्गाचे लक्षण असू शकते, तेव्हा विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे. पुढील लेखांकात गर्भारपणात पोटावर उमटणाऱ्या रेषांचा विचार करू.