पाटी कोसळते तेव्हा पैसे कुठून येतात?

पुण्याच्या लक्ष्मी रोडवरून किंवा कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरून जाताना एकदा मान वर करून बघा. ग्लो-साइनच्या पेट्या, लोखंडी चौकटीतल्या पाट्या, पहिल्या मजल्यावर टांगलेले एसीचे खोके. एवढं वजन डोक्यावर लटकतंय आणि आपण त्याखालून साड्यांच्या भावाबद्दल बोलत निवांत चाललोय! आता समजा, यातली एक चौकट निखळली आणि कुणाच्या तरी खांद्यावर आली. ऑपरेशन, औषधं, सहा महिने बुडालेली कमाई, पुढे कोर्टकचेरी. आकडा बघता बघता दहा-पंधरा लाखांवर जाईल. आणि दुकान आहे वह्या-पेनांचं, महिन्याकाठी जेमतेम चाळीस हजार सुटणारं.

हे पैसे येणार कुठून?

येतात. आणि ज्या वाटेने येतात ती ऐकली की माणसाच्या डोक्याचं कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही. विमावाले या प्रकाराला ‘पब्लिक लायबिलिटी’ म्हणतात. आयुर्विम्याचे पैसे आपल्या घरच्यांना मिळतात, आगीच्या विम्याचे आपल्याला. हा विमा मात्र अजब. हप्ता भरतो दुकानदार आणि पैसे जातात अशा माणसाला, ज्याची पॉलिसीवर सही नाही, ज्याचं तिच्यात नाव नाही, ज्याला ती पॉलिसी आहे हेसुद्धा ठाऊक नाही. ती निघाली त्या दिवशी हा माणूस कोण असेल, हे ना दुकानदाराला माहीत होतं ना कंपनीला. जगात कुणी अजून न भेटलेल्या माणसासाठी आगाऊ पैसे भरून ठेवतं का? इथे भरतात.

असा एक कागद तुमच्या घरात बहुधा आहेच. स्कूटरचा ‘थर्ड पार्टी’ हे याचंच भावंड. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यातली ही सक्ती १ जुलै १९४६ पासून लागू आहे. स्वतःच्या गाडीला पोचे येऊन ती भंगारात गेली तरी सरकारची हरकत नाही, पण तुम्ही ज्याला धडकाल त्याची सोय केल्याशिवाय रस्त्यावर यायचं नाही. दुकानाच्या पाटीला अशी सक्ती नाही. म्हणूनच बहुतेक दुकानदारांना हा विमा असतो हेही माहीत नसतं.

पण मुळात पाटी पडली ती वाऱ्याने. त्यात दुकानदाराचा काय दोष, असं कुणीही विचारेल. याचं उत्तर शोधायला लिव्हरपूलला जावं लागतं. तिथल्या स्कॉटलंड रोडवर बोडल नावाच्या पीठ-विक्रेत्याचं दुकान होतं. बर्न नावाचा एक माणूस खालून जात असताना वरच्या खिडकीतून पिठाने भरलेलं पिंप त्याच्या अंगावर पडलं. साक्षीदारांनी पिंप पडताना पाहिलं, पण ते का पडलं, कुणाचा हात सुटला, हे कुणीच पाहिलेलं नव्हतं. पुरावा नाही म्हणून खालच्या कोर्टाने दावा फेटाळला. १८६३ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला, आणि युक्तिवाद बघा किती साधा: पिठाची पिंपं आपण होऊन खिडकीतून उड्या मारत नसतात. पिंप पडलं, यातच कुणाचा तरी हलगर्जीपणा दिसतो. तसं नसेल तर ते दुकानदाराने दाखवून द्यावं. जखमी माणसाने वखारीत शिरून चौकशी करत बसायचं की काय?

एका वाक्याच्या या शहाणपणाने जगभरच्या दुकानदारांची झोप उडवली. ते हिंदुस्थानातही आलं. दिल्लीच्या चांदणी चौकात टाऊन हॉलसमोर एक घड्याळाचा मनोरा होता. १९५१ मध्ये तो कोसळला आणि माणसं दगावली. मनोरा सुमारे ऐंशी वर्षांचा, तर त्यातल्या चुन्याचं आयुष्य फार तर चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं. दोष आत दडलेला होता, आम्हाला दिसला नाही, असं महापालिकेने सांगून पाहिलं. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये ते मानलं नाही. रस्त्यालगत तुमची इमारत आहे, तर तिची तपासणीही तुम्हीच करायची. लिव्हरपूलचं पिंप शंभर वर्षांनी दिल्लीच्या मनोऱ्यावर जाऊन आदळलं!

ही झाली जागेमुळे येणारी जबाबदारी. विकलेल्या मालाचं काय? इथे आपल्या मदतीला येते एक गोगलगाय.

२६ ऑगस्ट १९२८. स्कॉटलंडमधलं पेझ्ली गाव. मे डोनोह्यू ही सामान्य घरातली बाई मैत्रिणीबरोबर वेलमेडो कॅफेत गेली. मैत्रिणीने तिच्यासाठी आइस्क्रीम आणि जिंजर बिअर मागवली. बाटली तपकिरी काचेची, आतलं काही न दिसणारी. अर्धीअधिक पिऊन झाल्यावर मैत्रिणीने उरलेली ओतली, तर आतून सडलेली गोगलगाय बाहेर आली, अशी तक्रार. बाई आजारी पडल्या. दावा लावायचा तर कुणावर? कॅफेवाल्याशी त्यांचा व्यवहारच नव्हता, पैसे मैत्रिणीने दिले होते. आणि बाटली भरणाऱ्या स्टीव्हन्सनशी तर दूरान्वयेही संबंध नाही. त्या काळच्या कायद्याप्रमाणे करार नाही, तर सहसा जबाबदारीही नाही. लीचमन नावाच्या त्यांच्या वकिलाने तरीही पाचशे पौंडांचा दावा ठोकला. बाटलीत उंदीर निघाल्याचे असेच दावे हे गृहस्थ नुकतेच हरले होते. चिकाटी म्हणावी ती हीच! कोर्टाचा खर्च झेपत नाही म्हणून डोनोह्यूबाईंनी स्वतःला निर्धन घोषित केलं आणि गावातल्या सोडा-लेमन बनवणाऱ्याविरुद्धचं हे भांडण थेट लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोचलं.

१९३२ मध्ये निकाल लागला, तीन विरुद्ध दोन. लॉर्ड ॲटकिन यांनी सूत्र मांडलं: आपल्या वागण्याचा फटका ज्याला बसेल हे आधी लक्षात यायला हवं, तो प्रत्येक जण आपला शेजारी, त्याची काळजी घेणं आपलं कर्तव्य. करार असो वा नसो. आणि यातली सगळ्यात मोठी गंमत ठाऊक आहे? बाटलीत गोगलगाय खरोखर होती का, हे कधी सिद्धच झालं नाही. निकालानंतर काही महिन्यांत स्टीव्हन्सन वारले आणि पुढे प्रकरण दोनशे पौंडांवर मिटलं. असली की नसली हेही न कळलेल्या त्या गोगलगाईवर आज अनेक देशांतला भरपाईचा कायदा उभा आहे. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर सदोष मालाच्या जबाबदारीवर स्वतंत्र प्रकरणच आहे आणि ठरावीक परिस्थितीत त्यात नुसता विकणारा दुकानदारही सापडतो.

म्हणजे कायद्याने दुकानदाराला जबाबदार तर धरलं. पण जखमी माणसाच्या हातात काय पडलं? निकालाचा कागद. ज्याच्याकडे पंधरा लाख नाहीतच, त्याच्याविरुद्ध पंधरा लाखांचा हुकूमनामा मिळवून करायचं काय? दुकान विकून दुकानदार रस्त्यावर येणार आणि तरीही ऑपरेशनचे पैसे पुरे व्हायचे नाहीत.

आता विम्याचं गणित बघू. आकडे निव्वळ समजुतीसाठी घेतले आहेत. समजा, दहा हजार दुकानं आहेत आणि वर्षाला पाचशेत एका दुकानात असा अपघात होतो. म्हणजे वीस अपघात. सरासरी भरपाई तीन लाख धरली तर लागले साठ लाख. दहा हजारांत वाटले की दुकानामागे येतात फक्त सहाशे रुपये! भिशीसारखंच हे, फरक एवढाच की भिशीत आपला नंबर लवकर लागावा म्हणून देव पाण्यात ठेवतात आणि इथे तो कधीच लागू नये म्हणून.

खरी जादू पुढे आहे. दर वर्षी नेमके वीसच अपघात थोडेच होणार? बहुतेक वर्षी ते अकरा ते एकोणतीसच्या दरम्यान राहतील. म्हणजे कंपनीचा अंदाज जवळजवळ निम्म्याने चुकू शकतो. पण दुकानं दहा लाख झाली की अपेक्षित अपघात दोन हजार, आणि बहुतेक वर्षी ते साधारण एकोणीसशे ते एकवीसशेच्या आतच! चूक पंचेचाळीस टक्क्यांवरून साडेचार-पाच टक्क्यांवर आली. दुकानंही तशीच, दुकानदारही तसेच, कुणाची पाटी पडणार हे अजूनही ब्रह्मदेवाला ठाऊक. एकेकट्याचं भविष्य तेवढंच अंधारात, पण सगळ्यांचं मिळून जवळपास लख्ख. हे आधी सिद्ध केलं याकोब बर्नुली या स्विस गणितज्ञाने. जितके अनुभव जास्त तितका अंदाज पक्का, हे अडाण्यालाही कळतं, असं तो स्वतःच म्हणायचा. पण ते सिद्ध करायला त्याला वीस वर्षं लागली, आणि ग्रंथ छापून आला १७१३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी.

एक अट मात्र आहे: अपघात एकमेकांत गुंतलेले नसावेत. साताऱ्यातली पाटी पडली म्हणून लातुरातली पडत नाही, म्हणून हे जमतं. सगळंच एकदम पेटलं तर? १८६१ च्या मे महिन्यात स्वित्झर्लंडमधलं ग्लारुस गाव बव्हंशी जळून गेलं आणि तिथल्या विमा निधीचे डोळे पांढरे झाले. त्यातून शहाणपण घेऊन १८६३ मध्ये झुरिकला ‘स्विस री’ निघाली: विमा कंपन्यांचाच विमा उतरवणारी कंपनी. आपल्याकडे हे काम जीआयसी री करते. मुंबईत चर्चगेटला जमशेदजी टाटा रोडवर तिची ‘सुरक्षा’ नावाची इमारत आहे. सर्वसाधारण विम्यातला ठरावीक हिस्सा तिच्याकडे द्यावाच लागतो. अलीकडच्या वर्षांत तो चार टक्के आहे. जीआयसी री आपल्याकडच्या जोखमीतला काही वाटा पुढे परदेशी कंपन्यांना देते. बार्शीतल्या एखाद्या मिठाईवाल्याच्या दारातल्या निसरड्या फरशीची काळजी अशी झिरपत झिरपत कुठल्या कुठे जाऊन पोचते!

पण मग दुकानदार बेफिकीर नाही का होणार? एकोणिसाव्या शतकात अनेकांना हीच भीती होती. स्वतःच्या निष्काळजीपणाचा विमा म्हणजे चक्क अनीती, असं त्यांना वाटे. त्यावरचे उपाय धूर्त आहेत. नुकसानीचा पहिला थोडा भाग दुकानदाराने स्वतःच सोसायचा, त्याला ‘एक्सेस’ म्हणतात. मुद्दाम केलेल्या कृत्याला पैसा नाही. आणि सगळ्यात नामी उपाय म्हणजे अपघात होण्याआधीच नाक खुपसणं. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात विजेचा झगमगाट झाला आणि आगीच्या धास्तीने विमावाल्यांना घाम फुटला. त्यातूनच पुढच्या वर्षी विल्यम मेरिल या तरुण इंजिनिअरने विमा कंपन्यांच्या पैशावर एक प्रयोगशाळा काढली. लॅपटॉपच्या चार्जरवर बारीक ‘यूएल’ छापलेलं असतं ना, ती हीच.

मोठा धोका असेल तिथे मात्र निवड दुकानदारावर सोडलेली नाही. भोपाळच्या वायुकांडानंतर आपल्याकडे १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला. घातक रसायनं हाताळणाऱ्यांना विमा सक्तीचा, आणि तिथे चूक कुणाची हे न बघता आधी मदत द्यायची.

साध्या दुकानाचं तसं नाही. तिथे कंपनी पैसे देते ते दुकानदाराची कायदेशीर जबाबदारी ठरली तरच. म्हणून गंमत अशी की दावा आला की कंपनीच तुमच्या बाजूने वकील उभा करते. पॉलिसीच्या अटींत आणखी एक ओळ असते, जी आपल्या स्वभावाला फारशी मानवत नाही: कंपनीला विचारल्याशिवाय चूक कबूल करायची नाही. आपण तर धावत हॉस्पिटलात जाऊन हात जोडून ‘सगळा खर्च आमचा’ म्हणून मोकळे होतो. हॉस्पिटलात जरूर जावं, जखमी माणसाला मदतही करावी. फक्त तो शब्द देण्याआधी एक फोन कंपनीला करावा.

हे सगळं फक्त धंदेवाल्यांसाठी, असं वाटत असेल तर मुंबईत किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळाकडे बघा. २०२२ च्या गणेशोत्सवात त्यांनी ३१६.४० कोटींचा विमा उतरवला. बातम्यांत गाजले ते गणपतीच्या अंगावरचे दागिने, पण त्यांचा वाटा ३१.९७ कोटी. २६३ कोटी होते स्वयंसेवक, पुजारी, आचारी, चपला सांभाळणारे यांच्या अपघातासाठी. आणि २० कोटी पब्लिक लायबिलिटीचे, म्हणजे दर्शनाला येणाऱ्या तुमच्या-आमच्यासाठी. गल्लीतल्या मंडळालाही हे जमण्यासारखं आहे, फक्त शून्यं कमी लागतील.

तुमचं दुकान, क्लास, खानावळ किंवा ब्युटी पार्लर असेल आणि बँकेने कर्जाच्या वेळी गळ्यात मारलेली शॉपकीपर्स पॉलिसी कपाटात पडून असेल, तर ती आज बाहेर काढा. आग, चोरी, काच, रोकड असे तिचे वेगवेगळे विभाग असतात. त्यात पब्लिक लायबिलिटीचा विभाग घेतलाय का ते बघा. घेतला असेल तर एका अपघाताला जास्तीत जास्त किती आणि वर्षभरात मिळून किती, हे दोन आकडे वाचा. तुमचे नोकर या विभागात सहसा धरलेले नसतात आणि विकलेल्या मालासाठी वेगळं संरक्षण लागतं, तेही एजंटला विचारा. आणि हो, विमा असो वा नसो, पावसाळ्याआधी पाटीचे नटबोल्ट आवळून घ्या.