व्यवस्थापनाची पदवी : लेखांक तिसरा — हिशेब, माणूस आणि निर्णय

गेल्या आठवड्याच्या लेखांकात वाणिज्य शिक्षणाची आपल्याकडील परंपरा आपण पाहिली. १९१३ साली मुंबईत सिडनेहॅम महाविद्यालय स्थापन झाले, तेव्हापासून या परंपरेने हिशेबनीस, लेखापरीक्षक आणि बँकांतील अधिकारी यांच्या पिढ्या घडविल्या. व्यवस्थापनाचे स्वतंत्र शिक्षण मात्र दीर्घकाळ पदव्युत्तर पातळीवरच राहिले. १९६१ मध्ये कलकत्ता व अहमदाबाद येथे निघालेल्या राष्ट्रीय संस्था असोत, की १९६५ मध्ये मुंबई विद्यापीठात सुरू झालेली जमनालाल बजाज संस्था असो, त्यांची दारे पदवीधरांसाठी उघडी होती. बारावी उत्तीर्ण होऊन आलेल्या मुलामुलींना हाच विषय शिकविता येईल, अशा विश्वासाने पुढे बी.एम.एस. आणि बी.बी.ए. हे अभ्यासक्रम निघाले, आणि २०२४ पासून ते अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत येऊन महाराष्ट्रात त्यांच्यासाठी सामाईक प्रवेश परीक्षाही सुरू झाली. सतराअठरा वर्षांच्या मुलाला यात नेमके शिकवितात तरी काय, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. आजचा लेखांक त्या प्रश्नासाठी आहे.

पहिल्या वर्षाचा भर पायाभूत विषयांवर असतो. रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद या क्रमाने विद्यार्थी जमाखर्चाची भाषा आत्मसात करतो. मागणी व पुरवठा यांचे अर्थशास्त्र शिकतो. सरासरी, विचलन आणि संभाव्यता यांच्या साहाय्याने आकड्यांकडे पाहू लागतो. आणि १८७२ चा करार कायदा वाचताना प्रस्ताव, स्वीकृती व मोबदला यांवाचून बाजारातील साधे वचनसुद्धा न्यायालयात टिकत नाही, हे त्याच्या ध्यानात येते. हे विषय रुक्ष वाटतात खरे. तथापि पुढच्या दोन वर्षांचा सगळा डोलारा त्यांच्यावरच उभा असल्यामुळे, येथे हयगय करणाऱ्याला ती शेवटपर्यंत नडते.

या शिक्षणाचे मर्म एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. मसाल्याचा एक लहानसा कारखाना घ्या. किलोमागे विक्रीची किंमत ४०० रुपये; मिरची, धणे, दळण आणि वेष्टन यांचा खर्च किलोमागे २८० रुपये; आणि जागेचे भाडे, पगार व वीज मिळून दरमहा ६०,००० रुपयांचा स्थिर खर्च. प्रत्येक किलोमागे १२० रुपये सुटतात, म्हणून महिन्याला ५०० किलो माल खपला की ना नफा ना तोटा अशी स्थिती येते, हे विद्यार्थी चटकन सांगतो. ६०० किलो खपला तर १२,००० रुपये नफा, हेही त्याला सहज उमगते. आता शिक्षक एकच अट घालतात : सर्व माल दुकानदारांना दोन महिन्यांच्या उधारीवर दिलेला आहे आणि कच्चा माल मात्र रोखीने घेतलेला आहे. पहिल्या महिन्यात तिजोरीतून २,२८,००० रुपये गेले, दुसऱ्या महिन्यात तितकेच गेले, आणि वसुलीचा पहिला रुपया हाती पडण्यापूर्वी ४,५६,००० रुपयांची तजवीज करावी लागली. नफातोटा पत्रक मात्र या दोन महिन्यांत २४,००० रुपयांचा नफाच दाखवीत राहिले. नफा असूनही धंदा बुडू शकतो, हे विद्यार्थ्याला प्रथम कळते ते येथे, आणि खेळते भांडवल म्हणजे काय याची व्याख्या पाठ करण्याची गरज मग उरत नाही.

पण हे उदाहरण येथे संपत नाही. दोन महिन्यांची उधारी कोणी मान्य केली? विक्री वाढावी म्हणून विपणन विभागाने. तिचा भार कोणावर पडला? बँकेपुढे कर्जासाठी उभ्या राहणाऱ्या वित्त विभागावर. व्याजाने तो तुटपुंजा नफा कुरतडला, पगार लांबणीवर पडले, आणि हाताखालचा जाणता कामगार शेजारच्या कारखान्यात निघून गेला, तर मालाची प्रत बिघडून तेच दुकानदार तोंड फिरवितात. विपणन, वित्त, मनुष्यबळ आणि उत्पादन असे चार विषय विद्यापीठ चार निरनिराळ्या प्रश्नपत्रिकांत तपासते. व्यवहारात मात्र तो एकाच निर्णयाचा प्रवास असतो, आणि तो प्रवास डोळ्यांपुढे उभा करता येणे हेच माझ्या मते या पदवीचे खरे फळ होय.

दुसऱ्या वर्षी माणसाचा अभ्यास सुरू होतो. फ्रेडरिक टेलर याने १९११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कामाचे बारीक भाग पाडून, वेळ मोजून, प्रत्येक कामाची उत्तम रीत शोधण्याचा आग्रह धरला. खाणींच्या कारभारात आयुष्य घालविलेल्या आंरी फायोल या फ्रेंच अभियंत्याने १९१६ मध्ये नियोजन, संघटन, आज्ञा, समन्वय आणि नियंत्रण अशी व्यवस्थापकाच्या कार्याची मांडणी केली. १९२४ ते १९३२ या काळात शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात जे प्रयोग झाले, त्यांतून प्रकाश व विश्रांती यांच्याइतकेच सहकाऱ्यांचे संबंध आणि वरिष्ठांचे लक्ष यांना महत्त्व असते, असा निष्कर्ष काढण्यात आला. या निष्कर्षांवर पुढे अभ्यासकांनी गंभीर आक्षेप घेतले. तेही वर्गात सांगितले गेले पाहिजेत, कारण प्रसिद्ध प्रयोगाचा पुरावा तपासून पाहण्याची सवय हीसुद्धा शिक्षणाचाच भाग आहे.

तिसऱ्या वर्षी विद्यार्थी वित्त, विपणन किंवा मनुष्यबळ यांपैकी एक शाखा निवडतो, एखाद्या आस्थापनेत काही आठवडे काम करतो आणि प्रकल्पाचा अहवाल लिहितो. याच टप्प्यावर प्रत्यक्ष प्रसंगांची चर्चा रंगते, आणि त्यासाठी परदेशी कंपन्यांच्या कहाण्यांवरच विसंबण्याचे कारण नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेच्या काठी उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना घ्या. तेथे ऊस घालणारा शेतकरीच सभासद आणि मालक असतो. उसाला अधिक भाव द्यावा, तर यंत्रसामग्रीच्या नूतनीकरणासाठी गंगाजळी उरत नाही. गंगाजळी राखावी, तर ज्याच्यासाठी कारखाना काढला त्याच्याच घरी यंदा कमी पैसा जातो. भागधारकाचे हित आणि पुरवठादाराचे हित एकाच माणसात एकवटलेले असताना न्याय्य भाव कोणता, या प्रश्नाशी झगडलेला विद्यार्थी मालकी, नफा आणि उत्तरदायित्व यांविषयी जे शिकतो, ते कोणत्याही तयार प्रश्नोत्तरांच्या पुस्तकात सापडणार नाही.

खेदाची गोष्ट ही, की पुष्कळ ठिकाणी तयार प्रश्नोत्तरेच अभ्यासक्रमाची जागा घेतात. प्रकल्पाचे अहवाल मागील वर्षाच्या मसुद्यावरून उतरविले जातात. आणि ताळेबंद जुळविता येणाऱ्या मुलाला त्या ताळेबंदातील उधारीचा आकडा का फुगला, हे विचारण्याची बुद्धी होत नाही. याचा दोष एकट्या विद्यार्थ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण चार विषयांचे चार शिक्षक एकत्र बसून एकच प्रसंग शिकवीत आहेत, असे दृश्य आपल्या महाविद्यालयांत विरळाच. तेव्हा प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी इमारत आणि नोकरी मिळाल्याच्या जाहिराती यांपेक्षा तेथील जुने प्रकल्प-अहवाल पाहायला मागावेत. त्यांत एखाद्या खऱ्याखुऱ्या दुकानाचा, पतसंस्थेचा वा कारखान्याचा हिशेब मुलांनी स्वतः जमविलेला दिसला, तर त्या महाविद्यालयात काही शिकविले जाते, असे समजण्यास हरकत नाही.

परक्याचा पैसा, परक्याचे श्रम आणि ग्राहकाचा विश्वास ज्याच्या हाती सोपवायचा, त्याला हिशेब आला पाहिजे आणि त्या हिशेबामागची माणसेही दिसली पाहिजेत. तीन वर्षांत एवढे साधले, तर ही पदवी सार्थ झाली.

पुढील लेखांकात : नव्या शैक्षणिक धोरणातील चौथे वर्ष आणि संशोधनाचा मार्ग.