लव्हाळ्याचं देखणं घराणं

बेलापुरात उसाच्या सरीत लव्हाळा दिसला की हात आपोआप खुरप्याकडे जातो. पण प्रवरेच्या काठाला, पाटाच्या कडेला, पाझराच्या चरात त्याच घराण्यातली देखणी मंडळी उभी असतात, ती एकदा निवांत बघाच! पर्जन्यछायेतल्या या मुलखाला ओल मिळाली ती कालव्यांमुळे. त्यांना पाणी पुरवणारं भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं.

गवत की लव्हाळा? काडी चिमटीत धरून फिरवा. गवताची गोल, पेरांची. लव्हाळ्याची तीनधारी, भरीव, मधे पेर नाही. या कुळात जगभरात सुमारे ५,५०० जाती आहेत.

शेतातला लव्हाळा उपटून संपत का नाही? जमिनीखाली तारेसारख्या मुळीवर कंदांची माळ असते. माळ अखंड असेपर्यंत बरेच कंद झोपलेले राहतात. ओढाओढीत ती तुटली की एकेक जागा होऊन कोंब काढतो. जगातल्या सर्वांत वाईट तणांवर १९७७ मध्ये निघालेल्या ग्रंथात पहिला नंबर याचाच!

आणि तरी दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा म्हणजे याच घराण्यातला वाळवलेला कंद. ओला कंद नखाने खरवडा. आत फिकट गर, आणि वास थेट अभ्यंगस्नानाचा. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त दुष्यंत शिकार थांबवतो, तेव्हा रानडुकरांना डबक्यातला मोथा खुशाल उकरू द्या म्हणतो. डुकरांची आवड जुनीच!

नर्सरीतला ‘अम्ब्रेला पाम’ मुळात पाम नाहीच, लव्हाळ्याचा आफ्रिकेकडचा भाऊबंद. इजिप्तचा पपायरसही त्यातलाच. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचं ‘ओर्चाता’ नावाचं गारेगार पेय याच गोत्रातल्या कंदांचं, तर तमिळनाडूतल्या पत्तमडैची मऊ चटई ‘कोरै’ नावाच्या लव्हाळ्याच्या काड्यांची.

मग बागेत परदेशी पाहुणा कशाला? आपल्याकडे तळ्याकाठी, नदीकाठी वाढणारा ‘सायपरस एक्झाल्टेटस’ लावा. माणसाच्या उंचीपर्यंत जातो, वर सोनेरी-तपकिरी तुऱ्यांची छत्री धरतो. बागेच्या ओल्या कोपऱ्यात याच्याइतकं रुबाबदार काही नाही, असं माझं ठाम मत आहे. शेतातला लव्हाळा मात्र चुकूनही अंगणात सोडू नका.

तळाला भोक नसलेला टब घ्या. काळी माती, थोडं शेणखत, भरपूर ऊन. जूनमध्ये गड्डा कोयत्याने फोडून तुकडे लावायचे; वाळलेल्या काड्या बुडातून छाटायच्या. माती कायम चिंब हवी, पण वर पाणी साचलं तर डासांची पैदास होते, तेवढं सांभाळा. काड्यांवर चतुर येऊन बसतील, त्यांना हुसकू नका. ते डासच खातात. आणि शेजारी उसाचं रान असेल तर तुरे पिकून दाणे झडायच्या आत कापून घ्या. फुलदाणीत ते छान दिसतात.