रिकाम्या वाघिणींचं गणित

एक युनिट वीज म्हणजे किती कोळसा? आपल्याकडचा असेल तर साधारण साडेसहाशे ग्रॅम. आता चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रातला ५०० मेगावॉटचा एकच संच घ्या. असे तिथे पाच आहेत. तो दिवसभर पूर्ण भाराने चालला, तर जवळपास ७,८०० टन कोळसा जळतो. कोळशाच्या एका मालगाडीत, रेल्वेच्या भाषेत एका रेकमध्ये, ५८-५९ वाघिणी असतात आणि माल सुमारे ४,००० टन. म्हणजे एका संचाला रोज दोन रेक.

पण मग एकूण रेक किती लागतील? दोन नव्हेत! खाणीवर भरायचं, केंद्रावर यायचं, टिपलरने वाघीण उलटी करून रिकामी करायची आणि पुन्हा खाणीवर जायचं. या फेरीला तीन दिवस लागत असतील, तर सहा रेक कायम फिरते हवेत. फेरी पाच दिवसांवर गेली की दहा. दहा नसतील तर? खाणीतला कोळसा तेवढाच, गाड्याही सहाच्या सहा, तरी केंद्राच्या पदरात रोज जेमतेम सव्वा रेक पडतो. बाकीचा वाटेतल्या खोळंब्याने खाल्ला!

म्हणून कोळशाचा अंदाज बांधणारा माणूस खरं तर तासांचा अंदाज बांधत असतो. पावसाळ्यात ओला कोळसा वाघिणीला चिकटून बसला, की रिकामं करायला वेळ लागतो आणि खाणीवर पुढचा रेक उशिरा पोचतो. एप्रिल २०२२च्या उन्हाळ्यात विजेची मागणी भडकली, तेव्हा रेल्वेने प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द करून कोळशाला वाट दिली. वाघिणी त्याच, वाचवायचे होते ते तास.

खर्चाचं कोडं याहून चमत्कारिक आहे. भाडं वजनावर, आणि आपल्या कोळशात ३० ते ४५ टक्के राख. प्रत्येक रेकमागे हजार टनांहून जास्त राखेचं भाडं आपण भरतो. तेव्हा दूरच्या खाणीचा हिशेब टनावर करू नये, मिळणाऱ्या उष्णतेवर करावा. ५०० किलोमीटरपलीकडच्या केंद्रांसाठी राखेची सरासरी मर्यादा ३४ टक्के ठरवणारा नियम २०१४मध्ये आला, २०२०मध्ये उठला. तो उठायला नको होता, असं मला वाटतं.

तास वाचवायचा आणखी एक मार्ग म्हणजे गाड्याच एकमेकींना जोडणं. १५ ऑगस्ट २०२२ रोजी कोरब्याहून राजनांदगावकडे ‘सुपर वासुकी’ ही कोळशाची मालगाडी निघाली. पाच रेक एकमेकांना जोडलेले, २९५ वाघिणी, साडेतीन किलोमीटर लांबी. पाच गाड्यांचा माल एकाच गाडीच्या वाटेने गेला. आपल्या त्या एका संचाची ती अडीच दिवसांची बेगमी.