जुळणी बंधने (संगणक-साहाय्यित आरेखन)

संगणकावर स्वतंत्रपणे आरेखित केलेल्या सुट्या भागांचे परस्परसापेक्ष स्थान व त्यांची संभाव्य हालचाल ठरविणाऱ्या भौमितिक अटींना जुळणी बंधने म्हणतात. सॉलिडवर्क्समध्ये त्यांना 'मेट', ऑटोडेस्क इन्व्हेंटरमध्ये 'कन्स्ट्रेंट', तर फ्रीकॅडमध्ये 'जॉइंट' ही संज्ञा आहे. मराठी प्रतिशब्द अद्याप रूढ नसल्याने येथे 'बंधन' हा शब्द योजला आहे. इव्हान सदरलँड यांच्या १९६३ सालच्या 'स्केचपॅड' या प्रणालीत रेषांवर अशा अटी घालण्याची सोय होती.

स्वरूप

अवकाशात मोकळ्या असलेल्या घन वस्तूला हालचालीचे सहा मार्ग असतात: तीन दिशांना सरकणे आणि तीन अक्षांभोवती फिरणे. प्रत्येक बंधन यांपैकी काही मार्ग बंद करते. पिनचा अक्ष छिद्राच्या अक्षाशी एकरूप केला की चार मार्ग बंद होतात. पिन केवळ आत-बाहेर सरकू शकते व स्वतःभोवती फिरू शकते. तिच्या डोक्याची खालची बाजू पट्टीच्या पृष्ठभागाला टेकविली की सरकणेही थांबते. उरलेले फिरणे बिजागरीत हवेच असते. जुळणीतील एक भाग, सामान्यतः पहिला, स्थिर मानलेला असतो.

अतिबंधन

दोन पिनांवर बसणारी पट्टी हे याचे बोलके उदाहरण होय. पृष्ठभाग टेकविल्याने तीन मार्ग बंद होतात, पहिल्या पिनेमुळे आणखी दोन. आता पट्टी केवळ त्या पिनेभोवती फिरू शकते. म्हणजे एकच मार्ग बंद करावयाचा उरतो. दुसऱ्या पिनेचाही अक्ष एकरूप केला, तर एक अट जास्तीची होते. दोन्ही भागांत पिनांमधील अंतर नेमके ८० मिमी असेपर्यंत ती खपून जाते. एका भागात कोणी ते ८०.१ मिमी केले, की अटी परस्परविरोधी ठरतात आणि प्रणाली त्रुटी दाखविते. नवशिक्यांना हा संगणकाचा हट्ट वाटतो. वस्तुतः कारखान्यातही ती पट्टी अडण्याचाच संभव असतो. म्हणूनच तेथे दुसरी पिन दोन बाजूंनी घासून चपटी करतात किंवा तिच्यासाठी लांबट खाच ठेवतात. संगणकावरही दुसऱ्या पिनेला दिशेपुरतेच बंधन द्यावे.

बंधन आणि बसण

बंधन केवळ स्थान ठरविते, मापे तपासत नाही. २५ मिमी छिद्रात २६ मिमी पिनही अक्षाला अक्ष जुळवून निमूटपणे 'बसते'; धातूत धातू घुसल्याचे कळण्यासाठी हस्तक्षेप-तपासणी स्वतंत्रपणे चालवावी लागते. प्रत्यक्ष बसण सहिष्णुतेवर अवलंबून असते. २५ मिमी व्यासाच्या एच७/जी६ जोडीत छिद्र ० ते २१ मायक्रॉन मोठे, तर दांडा ७ ते २० मायक्रॉन लहान असू शकतो; त्यामुळे ७ ते ४१ मायक्रॉन फट राहून दांडा मोकळा फिरतो. तोच दांडा पी६ वर्गातील घेतल्यास तो २२ ते ३५ मायक्रॉन मोठा असतो व ठोकून किंवा दाबयंत्राने बसवावा लागतो. पडद्यावर मात्र दोन्ही जोड्या सारख्याच दिसतात, कारण प्रतिकृती सामान्यतः नाममात्र मापाने काढलेली असते. ही माहिती आरेखनाच्या कागदावर लिहिलेली नसेल, तर कारागिरापर्यंत ती पोहोचत नाही.